नलतरंग सुरात बसवताना: पाइप निवडण्यापासून भजनात वाजवण्यापर्यंत

नलतरंग म्हणजे कमी-जास्त लांबीच्या धातूच्या नळ्या ओळीने मांडून काठीने ठोकून वाजवायचं वाद्य. ते घरी करायला घेतलं की पहिली चूक हमखास एकच होते. ‘सा’चा पाइप ५३ सेंटिमीटरचा निघाला, म्हणून वरचा ‘सां’ त्याच्या निम्मा, साडेसव्वीसचा कापला जातो. वाजवून बघितलं की तो एक सप्तक वर नसतो, जवळजवळ दोन सप्तकं वर जाऊन बसलेला असतो. बासरीत किंवा तारेत लांबी निम्मी केली की सूर दुप्पट होतो. ठोकून वाजवायच्या नळीत तसं होत नाही. तिथे लांबी निम्मी केली की सूर चौपट होतो. पाइप तर कापून झालेला असतो आणि वाढवता येत नाही.

दुसरी चूक पाइपला भोकं पाडून दोरी ओवण्याची आणि तिसरी घाईची: कापून तापलेला पाइप लगेच पेटीशी (हार्मोनियमशी) जुळवणं. बाकी बऱ्याचशा चुका या तिघींच्याच पोटातल्या. खालचे टप्पे क्रमाने करा, क्रम मोडू नका.

## आधी जमवायचं सामान

ॲल्युमिनियमचा गोल पाइप, बाहेरून २५ मिमी, भिंत दीड मिमी. कुडाळ, कणकवली, चिपळूण, रत्नागिरी अशा कुठल्याही गावात सरकत्या खिडक्या करणाऱ्यांकडे ‘सेक्शन’ म्हणून मिळतो. आठ सुरांच्या संचाला (‘सा’ ५३ सेंमीचा धरून) साधारण ३.६ मीटर लागतो, म्हणजे १२ फुटांची एक लांबी कशीबशी पुरते. एखादा पाइप फुकट जाईल असं धरून दीड लांबी घ्या.

हॅकसॉ आणि इंचाला २४ किंवा ३२ दात्यांची पाती. बारीक सपाट कानस आणि एक अर्धगोल कानस. मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी. मास्किंग टेप. खडू. व्हाइसमध्ये पाइप धरायला खाचा पाडलेले लाकडाचे दोन ठोकळे. ३ मिमीची विणीची नायलॉन दोरी. ती मालवण, वेंगुर्ला किंवा हर्णैला जाळ्यांच्या सामानाच्या दुकानात चांगली मिळते. फोनमध्ये सेंट (पेटीच्या शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) दाखवणारं ट्यूनर ॲप. आणि ज्या पेटीबरोबर वाजवायचं ती पेटी. दुसरी एखादी पेटी इथे चालत नाही.

## टप्पा १: पेटी आणि पट्टी ठरवा

पाइप विकत घ्यायच्या आधी बुवांना (भजनाच्या मुख्य गायकाला) पट्टी विचारा, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या किंवा पांढऱ्या पडद्यावर (बोटाने दाबायच्या पट्टीवर) ते ‘सा’ धरतात ते. नलतरंगाची पट्टी बदलता येत नाही. पेटीवाला काळी एकवरून पांढरी दोनवर सहज सरकतो, तुम्ही नाही सरकू शकत.

२५ मिमीच्या, दीड मिमी भिंतीच्या ॲल्युमिनियम पाइपात ‘सा’ची लांबी अंदाजे अशी येते:

- पांढरी एक: ५३ सेंमी
- काळी एक: साडेएकावन्न सेंमी
- पांढरी दोन: ५० सेंमी
- पांढरी चार (खालची): ६५ सेंमी
- पांढरी पाच (खालची): ६१ सेंमी
- काळी पाच (खालची): ५६ सेंमी

आता पेटी तपासा. जुन्या पेट्या सगळ्याच प्रमाण सुरावर नसतात. दोन किंवा तीन ओळींच्या (रीडच्या रांगांच्या) पेटीत एकाच पडद्याला दोन-तीन सूर एकत्र वाजतात आणि त्यांचं आपसांतच किंचित हलतं. म्हणून स्टॉपर बंद करून एकच ओळ उघडी ठेवा, कपलर (एक पडदा दाबला की दुसऱ्या सप्तकातला तोच सूरही वाजवणारी जोडणी) असेल तर काढा, भाता एकसारख्या दाबाने चालवा, आणि ‘सा’पासून वरच्या ‘सां’पर्यंत प्रत्येक पडदा ट्यूनरवर किती सेंट चढा-उतरा दाखवतो ते कागदावर लिहा.

सगळे पडदे एकाच बाजूला सारखे सरकलेले असतील, समजा सगळे १५ सेंट चढे, तर काही बिघडलेलं नाही. तुमचे पाइपही १५ सेंट चढेच लावायचे. पण एक पडदा ५ चढा आणि शेजारचा १२ उतरा असेल तर आधी पेटी दुरुस्तीला द्या. कणसूर पेटीला जुळवलेले पाइप पेटी दुरुस्त झाली की कायमचे कणसूर राहतात.

तपासणी: कागदावर पट्टी, सुरांची यादी आणि प्रत्येक पडद्याचे सेंट लिहिलेले आहेत ना? नसतील तर करवत हातात घेऊ नका.

किती सूर करायचे हेही याच कागदावर ठरवा. आठ शुद्ध सुरांत भूप बसतो, शाळेतल्या प्रार्थना बसतात, साधे गजर बसतात. यमनाला तीव्र मध्यम लागेल. भजनाची सांगता भैरवीने करायची असेल तर रे, ग, ध, नि चारही कोमल हवेत, नाहीतर ऐन शेवटाला काठ्या खाली ठेवून बसावं लागतं. सगळे मिळून तेरा पाइप होतात आणि सामान दीडपटीहून थोडं जास्त लागतं. पहिल्यांदा करत असाल तर आठच करा, पण चौकटीत जागा ठेवा.

## टप्पा २: पाइप पारखून घ्या

खिडकीचे पडदे अडकवायचा पाइप घेऊ नका. तोही एक इंची असतो, चकचकीत असतो, स्वस्त असतो आणि कुठेही मिळतो, म्हणून सगळे तोच घेतात. तो पातळ पत्रा वळवून लांबीत जोडलेला असतो. जोडाच्या रेषेवर नळी थोडी जास्त ताठ असते. त्यामुळे ती एका बाजूने ठोकली तर एक सूर देते, पाव फेरा फिरवून ठोकली तर किंचित वेगळा. मधेच कुठेतरी ठोकलं की दोन्ही एकदम वाजतात आणि सूर ‘वाँव-वाँव’ असा डोलायला लागतो. हा डोल पाइप कितीही घासला तरी जात नाही, कारण दोन्ही सूर बरोबरच चढतात. सरोदवादक उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी आपल्या मैहर बँड या वाद्यवृंदातल्या नलतरंगाला बंदुकीच्या नळ्या वापरल्या, त्यात मोठं शहाणपण होतं: जाड भिंत आणि जोड नाही.

दुकानातच करायची परीक्षा: अर्ध्या मीटरचा तुकडा मागा. एका टोकापासून अकरा-बारा सेंटिमीटरवर अंगठा आणि बोट यांच्यात हलका धरून लोंबकळता ठेवा. मधोमध बोटाच्या पेराने टकटक करा. पाव-पाव फेरा फिरवत चार बाजूंनी ऐका. चारही वेळा तोच स्वच्छ सूर आला तर लांबी घ्या. डोल ऐकू आला तर दुसरी लांबी बघा. सगळ्याच तशा निघाल्या तर निदान ज्या बाजूने ठोकल्यावर डोल नाहीसा होतो ती बाजू मार्करने खूण करून ठेवा. चौकटीवर बसवताना ती बाजू वर ठेवली की काम भागतं.

पितळेचा पाइप गोड वाजतो, पण जड आणि महाग, शिवाय खाऱ्या वाऱ्यात हिरवा पडतो. लोखंडी जीआय पाइपची कापलेली टोकं एका पावसाळ्यात गंजतात आणि गंजाबरोबर सूरही हलतो. स्टेनलेस टिकतं, पण हाताने कापताना घाम काढतं. पहिल्या संचाला ॲल्युमिनियमच बरा.

## टप्पा ३: लांबीचा तक्ता

आधी फक्त ‘सा’ पुरा करायचा (टप्पा ४ आणि ५ त्याच्यापुरते करून), मग त्याची पुरी झालेली लांबी मोजायची आणि बाकीच्या लांब्या तिच्यावरून काढायच्या. पाइपाची भिंत, धातूचं मिश्रण यांचा सगळा हिशेब त्या एका लांबीत आपोआप येऊन जातो. दुसऱ्याच्या संचाची मापं उतरवून घेऊन कापलेले पाइप याच कारणाने बिघडतात.

सूर लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात जातो, म्हणून ‘सा’च्या लांबीला गुणायचे आकडे असे. शेवटचा आकडा ‘सा’ ५३० मिमी धरून.

| सूर | गुणक | मिमी |
|---|---|---|
| सा | १.००० | ५३० |
| कोमल रे | ०.९७१५ | ५१५ |
| रे | ०.९४३९ | ५०० |
| कोमल ग | ०.९१७० | ४८६ |
| ग | ०.८९०९ | ४७२ |
| म | ०.८६५५ | ४५९ |
| तीव्र म | ०.८४०९ | ४४६ |
| प | ०.८१७० | ४३३ |
| कोमल ध | ०.७९३७ | ४२१ |
| ध | ०.७७११ | ४०९ |
| कोमल नि | ०.७४९२ | ३९७ |
| नि | ०.७२७८ | ३८६ |
| वरचा सां | ०.७०७१ | ३७५ |

हे पेटीच्या सुरांचे गुणक आहेत. तानपुऱ्यावर स्वतंत्र वाजवायचं असेल तर गांधार, धैवत, निषाद पेटीपेक्षा थोडे उतरे हवेत. भजनात पेटी असणारच, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

वरच्या सुरांचे पाइप या तक्त्याच्या लांबीवर किंचित उतरे निघतात. आखूड पाइप वाकण्याबरोबर आतल्या आत थोडा सरकतोही, आणि तक्त्याच्या साध्या गणितात ते येत नाही. वरच्या ‘सां’ला तक्त्याच्याही खाली दोन-तीन मिमी घासावं लागलं तर घाबरू नका. ही चूक आपल्या सोयीच्या बाजूची आहे.

## टप्पा ४: कापणं, मोठ्याकडून लहानाकडे

सर्वांत लांब पाइप आधी, सर्वांत आखूड शेवटी. यात एक हिशेब आहे. ‘सा’ कापताना चुकून आखूड झाला तर तो बाजूला ठेवायचा, पुढे तो ‘रे’ला लागतो. ‘रे’ चुकला तर ‘ग’ला. आखूड पाइपांपासून सुरुवात केली तर चुकलेला तुकडा कशालाच लागत नाही.

१. ‘सा’ अंदाजाच्या लांबीपेक्षा १० मिमी जास्त कापा. बाकीचे तक्त्यापेक्षा ३ मिमी जास्त.

२. खुणेवर मास्किंग टेप पाइपाभोवती गुंडाळा. टेपची कड स्वतःवर बरोबर येऊन मिळाली की रेघ काटकोनात आहे. टेपच्या कडेला लागून कापा.

३. पाइप खाचेच्या ठोकळ्यांतच धरा. उघड्या व्हाइसच्या जबड्यात आवळलेला पाइप थोडा चपटा होतो, आणि चपटा पाइप जोडाच्या पाइपासारखाच डोलतो.

४. पातं दाबू नका. थोडं कापलं की पाइप फिरवा, पुन्हा थोडं कापा. एका दमात आरपार कापलं की टोक तिरकं जातं.

५. कापलेल्या टोकाचा कीस आतून अर्धगोल कानशीने आणि बाहेरून सपाट कानशीने काढा. कीस बोटात घुसतो, शिवाय सैल लोंबणारा कीस पाइपाबरोबर खरखरतो.

ॲल्युमिनियम कानशीच्या दात्यांत भरतं आणि मग कानस नुसती घसरते. घासण्याआधी कानशीवर खडू चोळा आणि मधेमधे ब्रशने झाडा.

## टप्पा ५: सूर लावणं

सगळ्यांत जास्त वेळ याला द्या. एका पाइपाला अर्धा तास लागला तर तो जास्त नाही.

पाइप धरायचा कुठे. ठोकलेली नळी मधोमध आणि दोन्ही टोकांना थरथरते, पण दोन जागा स्थिर राहतात. त्या प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर असतात. ५३० मिमीच्या पाइपात त्या टोकांपासून ११९ मिमीवर, ३७५ मिमीच्या पाइपात ८४ मिमीवर. पाइप तिथे धरला किंवा टेकवला तर आस (ठोकल्यावर मागे रेंगाळणारा नाद) लांबते, दुसरीकडे कुठेही धरला तर ‘टण’ म्हणून विझतो. सूर लावताना पाइप दोन फोमच्या तुकड्यांवर किंवा गुंडाळलेल्या पंचावर याच दोन जागी ठेवा. पाइप आखूड होत जाईल तसे तुकडेही आत सरकवा.

ठोकायचं कुठे. अगदी मधोमध, आणि मऊ डोक्याच्या काठीने. नळीत मूळ सुराखेरीज २.७६ पट उंचीचा एक सूर असतो. तो वरच्या सप्तकातल्या शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध कुठेतरी बसतो, म्हणजे कुठल्याच पट्टीत बसत नाही. टोकाजवळ किंवा कठीण लाकडाने ठोकलं की तोच जोरात निघतो आणि ट्यूनर भलताच सूर दाखवतो. मधोमध त्या सुराची जागा स्थिर असते, म्हणून तिथे ठोकलं तर तो जवळजवळ गप्प बसतो.

किती घासायचं. ‘सा’च्या ५३० मिमीच्या पाइपात १ मिमी कमी झाला की सूर साधारण साडेसहा सेंट चढतो. वरच्या ‘सां’च्या ३७५ मिमीत तोच १ मिमी सव्वानऊ सेंट चढवतो. ट्यूनर ४० सेंट उतरा दाखवत असेल तर ‘सा’त सहा मिमी काढायचे आहेत, म्हणजे करवत चालेल. १० सेंटांच्या आत आलात की करवत ठेवा, कानस घ्या.

थंड होऊ द्या. तापलेला ॲल्युमिनियम मऊ वाजतो. पाइप ३० अंशांनी तापला तर सूर दहा-पंधरा सेंट उतरतो. करवतीनंतर लगेच मोजलं तर पाइप उतरा वाटतो, तुम्ही आणखी घासता, आणि रात्री गार झाल्यावर तो चढा निघतो. घासल्यावर दहा-पंधरा मिनिटं फरशीवर ठेवा, मग मोजा. दोन-तीन पाइप आळीपाळीने घेतले की वाट बघण्यात वेळ जात नाही. आणि हे काम उन्हात नको, पडवीत सावलीला करा.

शेवटचे पाच सेंट कानाने. ट्यूनरवर पाच सेंटांच्या आत आल्यावर पेटीचा तोच सूर एका ओळीवर धरा आणि पाइप ठोका. सूर वेगळे असतील तर आवाज हळूहळू लाटेसारखा वर-खाली होताना ऐकू येतो. सेकंदाला दोन लाटा येत असतील तर अजून थोडं बाकी आहे. एक-एक हात कानस मारत जा, लाटा लांबत जातील. दोन-तीन सेकंदांना एक लाट राहिली की थांबा. पूर्ण लाट घालवण्याच्या नादात चढा करून बसण्यापेक्षा केसभर उतरा पाइप बरा: तो पुढेमागे घासता येतो.

चढा झालाच तर पहिला उपाय: तो पाइप वरच्या सुराला द्या. दुसरा: दोन्ही टोकांत आतून एपॉक्सी पुटीची बारीक कडी लावा, दोन्हीकडे सारखी. टोकाचं वजन वाढलं की सूर उतरतो. आस थोडी कमी होते, म्हणून हे पाच-सात सेंटांपुरतंच. एकाच टोकाला लावली तर स्थिर जागा सरकतात आणि पाइप चौकटीवर नीट बोलत नाही.

तपासणी: सगळे पाइप एक रात्र ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीबरोबर पुन्हा एकदा सगळे. मग प्रत्येकाच्या आत मार्करने सुराचं नाव आणि लांबी लिहा.

## टप्पा ६: चौकट आणि दोऱ्या

पाइपाला भोक पाडू नका. स्थिर जागी भोक पाडलं तर चालतं असं ऐकू येतं. जाड पट्टीच्या वाद्यात चालतं, पातळ नळीत नाही. भोकाच्या दिशेने नळी थोडी ढिली पडते, आडव्या दिशेने तशीच राहते, आणि एवढं पारखून घेतलेला पाइप पुन्हा डोलायला लागतो. पाइप दोरीवर नुसते ठेवायचे.

सागवानाच्या किंवा फणसाच्या दोन पट्ट्या, ४० सेंमी लांब, एका बाजूला पसरत गेलेल्या. पाइपांचे मध्य एका रेषेत ठेवून दोन पाइपांच्या मध्यांत ४५ मिमी अंतर ठेवलं तर पट्ट्यांवरच्या दोऱ्यांमधलं अंतर ‘सा’च्या जागी २९३ मिमी आणि वरच्या ‘सां’च्या जागी २०५ मिमी येतं (‘सां’ची पुरी लांबी ३७२ धरून, तुमची वेगळी आली तर तिला ०.५५२ ने गुणा). मधल्या पाइपांच्या स्थिर जागा या सरळ रेषेपासून तीन-चार मिमी आत येतात. तेवढं चालतं. सेंटिमीटर चालत नाही.

प्रत्येक पट्टीवर दोन पाइपांच्या मधोमध एक अशा खुंट्या उभ्या करा, दोन्ही कडांना एकेक धरून नऊ. माणग्याच्या बांबूच्या खुंट्या झकास होतात, तो जवळजवळ भरीव असतो. खुंटीत पट्टीपासून १२ मिमी उंचीवर ४ मिमीचं भोक पाडा, नायलॉन दोरी सगळ्यांतून ओवून ताणून बांधा. पाइप दोन खुंट्यांच्या मधल्या दोरीवर बसतो. खुंटी पाइपाच्या वर दहा मिमी तरी निघाली पाहिजे, म्हणजे जोरात वाजवताना पाइप उडून शेजाऱ्यावर जात नाही.

काथ्याची दोरी दिसायला छान, पण तिचे कूस पाइपाला लागून आस खातात आणि पावसात ती ढिली पडते. लोखंडी खिळे तर नकोतच. खाऱ्या दमट हवेत लोखंड किंवा पितळ ॲल्युमिनियमला टेकून राहिलं तर ॲल्युमिनियमला पांढरे खड्डे पडतात.

तपासणी: पाइप हातात लोंबता धरून ठोका आणि आस मोजा, मग चौकटीवर ठेवून ठोका. चौकटीवर निम्म्याहून कमी टिकली तर पाइप कुठल्यातरी खुंटीला टेकतोय, दोरी सैल पडून पट्टीला लागतेय, किंवा पाइप लांबीत एकीकडे सरकलाय.

आवाज वाढवायचा असेल तर प्रत्येक पाइपाच्या मध्याखाली, १५ मिमी अंतर सोडून, खालून बंद असलेली एक नळी उभी करता येते. पीव्हीसीच्या ४० मिमी पाइपाला खाली टोपी बसवली की झालं. लांबी अशी: ८६,७५० भागिले सुराची कंपनसंख्या, त्यातून नळीच्या आतल्या व्यासाचा ०.३ भाग वजा, उत्तर मिलिमीटरमध्ये. पांढरी एकच्या ‘सा’ला (५२३ हर्ट्झ) साधारण १५५ मिमी येते. आवाज मोठा होतो पण लवकर विझतो, हा सौदा आहे. बांबूच करायचा तर कळकासारखा पोकळ घ्या.

## टप्पा ७: काठ्या

माणग्याची ३० सेंमी काठी, ६-७ मिमी जाड. डोक्याला उसळणारा भरीव रबरी चेंडू, २५ मिमीच्या आसपास. त्यात ६ मिमीचं भोक पाडून काठी एपॉक्सीने चिकटवा. फेव्हिकॉल रबराला धरत नाही, पहिल्याच गजराला चेंडू श्रोत्यांत जातो. खालच्या सुरांना आवाज कर्कश वाटला तर चेंडूवर लोकरीचे चार वेढे घ्या. काठ्यांच्या दोन जोड्या ठेवा, एक नुसत्या रबराची, एक लोकरीची.

## टप्पा ८: भजनात वाजवताना

मुख्य अडचण आस हीच. ‘सा’ वाजवला, पुढच्या मात्रेला ‘रे’ वाजवला, तर ‘सा’ अजून चालूच असतो आणि दोघे भांडतात. म्हणून एका हाताने वाजवायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी मागचा पाइप हलकेच दाबायचा, हे आधी शिका. आरोह-अवरोह या दाबण्यासकट, संथ लयीत, रोज दहा मिनिटं. दोन्ही हातांत काठ्या घेऊन धावायला नंतर शिकता येतं.

बुवांच्या प्रत्येक सुरामागे धावू नका. मींड, मुरकी, आंदोलन नळीला येत नाही, आणि तो प्रयत्न केला की गाणं खडबडीत वाटतं. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर चालीतला टेकायचा सूर तेवढा द्या. ओळ संपून कोरस उचलायच्या आधीच्या मोकळ्या जागेत तीन-चार सुरांची एखादी फिरत. बाकी गप्प. झांज त्याच वरच्या पट्ट्यात खणखणत असते. झांजवाला जोरात असेल तेव्हा नलतरंग ऐकूही येत नाही आणि वाजवलं तर नुसता धातूचा कल्ला होतो.

डबलबारीच्या (दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या) रंगात हे वाद्य नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पखवाज आणि झांज तिथे ते गिळून टाकतात. संथ अभंग, नामजप, सप्ताहातली पहाटेची काकड आरती, शाळेची प्रार्थना, इथे ते खुलतं.

माइक लावायचा असेल तर पाइपांच्या वर, मध्यापासून वीतभर उंचावर. चौकटीखाली ठेवला तर पट्टीला बसणारी प्रत्येक टक्कर भोंग्यातून ऐकू येते.

## खाऱ्या हवेत सांभाळताना

वाजवून झालं की सुक्या सुती फडक्याने पाइप पुसा. घामाच्या बोटांचे ठसे किनाऱ्यावर लवकर खातात. महिन्यातून एकदा गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करा. खोबरेल लावायची सवय इथे मोडा: त्याला धूळ चिकटते, थर बसतो, सूर उतरतो. पांढरी भुकटी दिसायला लागली तर ती फडक्यानेच काढा, पॉलिश पेपरने नाही, कारण पॉलिश पेपर धातूही काढतो.

पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला संच आत घामतो. पाइप सुती कपड्यात वेगवेगळे गुंडाळून लाकडी पेटीत ठेवा, चौकट वेगळी. दोरी गणपतीच्या आधी दरवर्षी नवी घाला. आणि गणपतीत पेटी दुरुस्त होऊन आली असेल, तर आरतीच्या पहिल्या दिवशी नव्हे, त्याच्या आठवडाभर आधी पाइप तिच्याशी पुन्हा लावून बघा. उतरे असतील तर कानस हाताशी आहे. चढे असतील तर एपॉक्सी वाळायला एक दिवस लागतो.